पाव्हणं, तुमचा जपानी टॉवेल

पाव्हणं, जपानला पार्सल गेलंच नव्हतं.

हे एवढं एक वाक्य सांगायला दोन वर्षं मी माधवनगरहून साताऱ्याला येत होतो. एसटीत बसताना दर वेळी ठरवायचो, आज सांगायचं. कराड येईपर्यंत निर्धार टिकायचा. कराडला उतरून वडा खाल्ला की निम्मा व्हायचा. तुमच्या दारात आलो आणि तुम्ही खुर्चीतनं उठून "या पाव्हणं! काय, जपानवरनं आलं का काय?" म्हणालात, की उरलेला निम्मा चपलांबरोबर बाहेरच राहायचा. मग मी चहा प्यायचो, नातवाच्या अभ्यासाची चौकशी करायचो आणि खोटं होतं तसं पिशवीत घालून परत न्यायचो.

आज तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. आता सांगतो. तुम्ही उलटून बोलणार नाही याची खात्री पटल्यावर मला धीर आला, यातच मी कसला गडी आहे ते आलं.

माझी स्वाती तुमच्या घरात दिली, त्या दिवसापासून तुम्ही मला पाव्हणं म्हणता आणि मी तुम्हाला. बारा वर्षांत एकमेकांचं नाव म्हणून घेतलं नाही. दवाखान्यात नर्सनं मला पेशंटचं नाव विचारलं, तर मी म्हणालो, "पाव्हणं." ती म्हणाली, "काका, पूर्ण नाव." मी म्हणालो, "साताऱ्याचे पाव्हणं." शेवटी स्वातीनं मला बाजूला बसवलं.

आणि आपलं पहिलं भांडण टॉवेलावरनं झालं, आठवतंय? लग्नाची बोलणी चालली होती. मानपानाचे टॉवेल-टोपी माझ्याकडं लागले. मी आधी माधवनगरच्या गिरणीत आणि पुढं मागावर, असा सगळा जन्म कापडात काढलेला माणूस. छाती पुढं काढून म्हणालो, "टॉवेल एक नंबर देणार." तुम्ही माणदेशातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातले, फौजेत हवालदार होऊन साताऱ्यात स्थायिक झालेले, सहा फुटी उंच. मिशीवरनं हात फिरवत म्हणालात, "एक नंबर कशाला? मानाच्या टॉवेलानं कोण आंग पुसतंय व्हय? त्यो निस्ता फिरतो. आज तुमी आमाला द्या, आमी उद्या बारशात दुसऱ्याला देतो, त्यो वास्तुशांतीत तिसऱ्याला. टॉवेल कुटं जात न्हाई पाव्हणं. फिरून घरी येतो."

मी म्हणालो, असं काही नसतं. तुम्ही लगेच वहिनींकडनं सुई मागवलीत आणि लग्नातल्या एका टॉवेलाच्या कोपऱ्यात तांबडा दोरा घालून तो वाटलात. त्यानंतर प्रत्येक भेटीत मी विचारायचो, "काय, तांबडा दोरा आला का?" आणि तुम्ही शांतपणे म्हणायचात, "वाटंत हाय."

तीन वर्षांपूर्वी पोरांनी आपल्या चौघांना, म्हणजे तुम्हाला, वहिनींना, मला आणि आमच्या सुमनला, एका टूरबरोबर जपानला धाडलं. तुम्ही खांद्याच्या पिशवीत टॉवेल आणि टोप्या भरलेल्या वहिनींनी पाहिल्या. "आवं, तिकडं कोन घालतंय टोपी?" तुम्ही म्हणालात, "कुनी मान केला तर? मोकळ्या हातानं यायचं व्हय?" मला हसू आलं होतं. मी हसलो की पुढं काहीतरी वाईट होतं, हे तोपर्यंत सुमनलाही कळलेलं होतं. ती हसली नाही.

आता त्या स्टेशनाचं. लोकांना मी आजवर सांगत आलो की आपण दोघं निसर्ग बघायला उतरलो. खरं असं की मी मिरजेच्या सवयीचा माणूस. मिरजेला गाडी थांबली की उतरायचं, नळावर बाटली भरायची, चहा घ्यायचा, ओळखीचं कोणी दिसलं तर त्याच्या घरची खुशाली विचारायची आणि गाडी हलली की पळत डबा धरायचा. त्या डोंगरातल्या छोट्या स्टेशनावर गाडी थांबली तशी मी बाटली घेऊन उतरलो. तुम्ही पिशवीसकट माझ्यामागं उतरलात, "आवं पाव्हणं, चढा! चढा!" करत. तेवढ्यात दार लागलं. आवाज नाही, शिट्टी नाही. आपली गाडी निघताना निदान एक हिसका देऊन कळवते तरी. ही तुपात सुरी जावी तशी गेली. खिडकीतनं सुमन माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं. वहिनींनी तर हात हलवला.

स्टेशनात कोणी नाही. भुरभुर पाऊस, थंडी. माझा फोन सुमनच्या पर्समध्ये, तुमचा तिकडं चालत नव्हता. तुम्ही माझ्याकडं वळून एवढंच म्हणालात, "आता?"

मी म्हणालो, "नळ शोधतोय."

तुम्ही मला त्या दिवशी मारलं नाहीत, ह्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. आज मानतो.

समोर न्हाव्याचं दुकान होतं. त्यातनं ऐंशीच्या घरातले एक आजोबा छत्री घेऊन आले आणि आपल्याला हातानं आत बोलावलं. मागं त्यांची म्हातारी दार धरून उभी. परदेशी माणसांशी बोलायची भाषा म्हणजे हिंदी, ही तुमची फौजेपासूनची पक्की समजूत. तुम्ही ताठ उभं राहून रिपोर्ट दिलात, "चाचाजी, हमारा गाडी गया. पार्टी आगे निकल गया. ये हमारे पाव्हणे हैं, इनकी गलती है." आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, माझ्याकडं जरा दयेनं बघितलं आणि दोघांना खुर्च्यांत बसवलं. गलती कुणाची ते त्यांना हिंदी न येता कळलं होतं.

म्हातारीनं वाफाळता, घडी घातलेला टॉवेल माझ्या हातात दिला. मी टॉवेलातला माणूस. हातात टॉवेल आला की मान झाला, एवढंच मला माहीत. मी तो कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला. तिला वाटलं, निवला असेल. तिनं दुसरा दिला. मी म्हटलं, हा तुमच्या वहिनींसाठी असेल. तोही ठेवला. तिसरा आला तेव्हा मी संकोचानं म्हणालो, "आता पुरे." शेजारच्या खुर्चीतनं तुमचा आवाज आला, "आवं पाव्हणं, त्वांड पुसा त्यानं! दुकान मोकळं करताय व्हय त्यांचं?"

मी तिन्ही टॉवेल बाहेर काढले. माझा पासपोर्ट ओला झाला होता. म्हातारी तोंडावर हात धरून हसत होती. तुम्ही मात्र लाजेनं लाल. व्याह्यानं अब्रू घालवली, ती भरून काढायला तुम्ही उठलात, पिशवी उघडलीत आणि आजोबांच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवून खांद्यावर टॉवेल ठेवलात. म्हातारीच्या हातात दुसरा. आजोबांनी आरशात बघितलं. टोपी पुढनं जरा दाबली. मग परत बघितलं. पाव्हणं, गावच्या सोसायटीच्या चेअरमनला शोभली नसती अशी ती टोपी त्यांना शोभली.

आणि तिथनं जे सुरू झालं, ते थांबेना. आजोबा आत गेले आणि कागदाच्या पट्टीत गुंडाळलेला एक बारीक सुती टॉवेल घेऊन आले. निळी छपाई. दोन्ही हातांत धरून, वाकून मला दिला. ह्या पाहुण्याला टॉवेलाची फार हौस आहे, असं त्यांनी धरलं असणार. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "ह्येंच्यातबी टॉवेलाचा मान हाय की! आपलंच पाव्हणं निगालं!" आणि सांगलीच्या भडंगाची पिशवी पुढं केलीत. म्हातारीनं टोमॅटोसारखी दिसणारी केशरी फळं आणली. तुम्ही शेंगदाण्याची चटणी काढलीत. तिनं तांदळाच्या कुरकुरीत वड्या आणल्या. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे तिकडंही आहे, आणि तिकडंही कोणी आधी थांबत नाही. आजोबांच्या दाताखाली भडंगातली मिरची आली आणि ते टोपीसकट दुकानभर नाचले. तेवढ्यात समोर पुढची गाडी आली आणि गेली. आपल्या दोघांपैकी कुणीही मान वळवली नाही.

मग म्हातारीनं माझ्या शर्टातनं डोकावणारी फीत ओढली. टूरचा बिल्ला, त्यावर गाइडचा नंबर. सकाळी "मेंढराच्या गळ्यात बांधत्यात तसं हाय" असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी तो शर्टाच्या आत टाकला होता. तिनं फोन लावला. आजोबांनी दुकानाला कुलूप घातलं, आपल्याला गाडीत बसवलं आणि तासभर डोंगरातनं चालवत थेट आपल्या हॉटेलात आणून सोडलं. डोक्यावर टोपी तशीच. पाहुण्यानं घातलेली टोपी पाहुण्यासमोर काढायची नसते, हे त्यांना कुणी सांगितलं?

उतरताना तुम्ही पिशवीत हात घातलात आणि तुमचा चेहरा पडला. गाडी सुटली तेव्हाही एवढा पडला नव्हता. "पाव्हणं, टोप्या संपल्या." बाकीच्या तुम्ही दोन दिवसांत विमानतळावर आणि हॉटेलात वाटून बसला होतात. मग तुम्ही टाचा जुळवून कडक सलाम ठोकलात आणि म्हणालात, "चाचाजी, पता दो. पार्सल भेजेगा." आजोबांनी माझ्या गळ्यातल्या निळ्या टॉवेलाकडं बोट दाखवलं. मला वाटलं, तोंड ओलं दिसतंय. मी पुसलं. त्यांनी परत बोट दाखवलं. मी मानही पुसली. त्यांनी तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा मी कानामागनं पुसून घेतलं. ते हसले, वाकले आणि गेले.

घरी आल्यावर तुम्ही गावाकडनं, भावाच्या मेंढरांच्या लोकरीचं काळं घोंगडं विणून आणलंत आणि माझ्या स्वाधीन केलंत. "तुमी कापडातलं मानूस. नीट बांधून धाडा. पत्ता हाय न्हवं?" मी म्हणालो, "आहे की." पाव्हणं, ते पहिलं खोटं. फार मोठं नव्हतं. मला वाटलं, शोधून काढू.

पुढं पावसाळ्यात स्वाती माहेरपणाला आली आणि सुमनच्या फोनवरचा हॉटेलच्या दारातला व्हिडिओ बघत होती. मी तोंड पुसतोय त्या जागी तिनं तो थांबवला. "अप्पा, ते आजोबा टॉवेलावरच्या अक्षरांवर बोट ठेवतायत. त्यावर दुकानाचा पत्ता असणार!" आणि थांबलेल्या चित्रात त्या अक्षरांवर नेमकं कोण? मी. माझा अंगठा. जन्मभर कापड हाताळलेल्या माणसाला ती नक्षी वाटली होती.

मी उठून कपाटाकडं गेलो. टॉवेल नव्हता. मे महिन्यात पुतण्याच्या लग्नात मानाचा एक टॉवेल कमी पडला, तेव्हा वरचा बारीक बघून मीच दिला होता. लांबच्या पाहुण्याला चालेल, म्हणून.

टूरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही कुठं उतरला होता ते तुम्हालाच माहीत." मग मी शोध घेतला. विटा, इस्लामपूर, तासगाव, बोलावणं आलेलं एकही लग्न सोडलं नाही. न बोलावलेली दोन गाठली. बारशात आहेराच्या ढिगात हात घालताना सापडलो, तर घरधनी म्हणाला, "अप्पा, आवडला असेल तर न्या की!" सुमननं माझ्याबरोबर कार्यक्रमाला यायचं सोडलं. आणि इकडं तुमचा फोन, "धाडलं का?" एके दिवशी मी थकून म्हणालो, "धाडलं. पोचलं."

तेच चुकलं. कारण तुम्ही वाट बघायला लागलात. महिना गेला, चार गेले. मला वाटलं, विसरतील. तुम्ही एक दिवस हळू आवाजात म्हणालात, "पाव्हणं, घोंगडं पोचलं आणि तिकडनं कायच न्हाई? अशी मानसं न्हाईत ती. म्हातारं गेलं असनार."

मी नातवाच्या अभ्यासाची चौकशी केली.

पितृपक्षात तुमच्या वडिलांचं पान होतं. मी आलो. गच्चीवर बघतो तर दोन पानं. दुसऱ्यावर भात, वडा, खीर आणि चिरलेला टोमॅटो, ते केशरी फळ साताऱ्यात मिळालं नाही म्हणून. तुमच्या वडिलांच्या पानाला कावळा पाऊण तास शिवेना, आणि टोमॅटोवर मात्र झटक्यात येऊन बसला. तुम्ही म्हणालात, "बगा, जपानचं हाय. टायमाला पक्कं." सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि टॉवेलानं डोळे पुसलेत. जिता-जागता माणूस तिकडं कुणाची तरी दाढी करत असेल आणि इकडं माझ्या खोट्यापायी तुम्ही त्याच्या नावानं पान वाढलंत. त्या दिवशी मला वडा गिळवला नाही. मला, पाव्हणं.

दवाखान्यात शेवटी मी कॉटशी बसलो आणि म्हणालो, "पाव्हणं, एक सांगायचं होतं." तुम्ही नाकावरची नळी सारखी करत म्हणालात, "आता नगं. कान बसल्यात. घरी गेल्यावर चहाच्या टायमाला सांगा." मी लगेच "बरं" म्हणालो. इतक्या लगेच म्हणायला नको होतं.

तेराव्याला जावईबापू पाटावर बसले होते. एकेक पाहुणा येऊन डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल टाकत होता. कराडच्या तुमच्या मावसबहिणीच्या यजमानांनी एक टॉवेल टाकला. बारीक. निळा. मीच परत चढवलेली कागदाची पट्टी निम्मी फाटलेली.

"थांबा!" मी ओरडलो.

भर दुखवट्यात. गुरुजी थांबले, पाहुणे थांबले. मी जाऊन जावयाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला आणि छातीशी धरून मटकन बसलो. मागनं कोणीतरी म्हणालं, "व्याह्याला लय लागलंय वो." लागलं होतंच.

मग कळलं. पुतण्याच्या लग्नातनं तो विट्याला गेला, तिथनं इस्लामपूरच्या बारशाला, तिथनं कराडच्या वास्तुशांतीला. सगळ्यांनी पुढं ढकलला. कारण सगळ्यांचं मत एकच, ह्यानं अंग पुसलं जात नाही. तुमच्या तांबड्या दोऱ्याचा टॉवेल अजून वाटेत आहे. पण मी हरलो, पाव्हणं. टॉवेल कुठं जात नाही.

संध्याकाळी स्वातीनं त्यावर फोन धरला आणि ती नक्षी वाचून दाखवली. दुकानाचं नाव, गाव, नंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिनं फोन लावला. तिकडनं एक थरथरता आवाज आला.  मी ओरडलो, "टोपी! इंडिया! टोपी!"

 मग तिकडनं, "तोपी! तोपी!" आणि खोकल्यात मिसळलेलं हसू.

ते काहीतरी बोलले. स्वातीनं दुसऱ्या फोनवर भाषांतर लावलं होतं. त्यातली बाई मराठी सोडून हिंदीतच बोलायला लागली. म्हणजे परदेशी माणसाशी हिंदी, हेही तुमचंच खरं. ती म्हणाली, "वो लंबे साहब कैसे हैं?"

स्वाती माझ्याकडं बघायला लागली. जिभेवर अगदी तयार होतं, "ठीक हैं." माझ्या जिभेला सवय आहे. पण तुमच्या गच्चीवरचा तो टोमॅटो आठवला. मी म्हणालो, "वो गए."

फोनमधल्या बाईनं ते सांगितलं.  मग आजोबा हळू काहीतरी म्हणाले.

"रुकिए. टोपी पहनकर आता हूँ."

आम्ही थांबलो. तिकडं कुठलंतरी कपाट उघडल्याचा आवाज आला. वहिनी आतनं येऊन दाराला धरून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं तो आवाज परत आला आणि बाईनं सांगितलं, "पहन ली."

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. फोन चालूच होता.

माझ्या कपाटात दडवलेलं घोंगडं परवा गेलं. डांबराच्या गोळ्यांचा वास गेला नाही, त्याला इलाज नाही. वर भडंग ठेवलंय, मिरच्या वेचून. पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घातलंय. पूर्ण नाव. लिहिताना हात अडखळला, कधी घेतलंच नव्हतं.

पोस्टाची पावती मी तुमच्या फोटोच्या मागं खोचून ठेवली आहे. ह्या वेळी खरंच गेलंय, पाव्हणं. माझ्यावर विश्वास नसला तर काढून बघा.